ग्रहण, गिराण आणि वस्तीतली दुर्बीण

आकाश सर्वांचे असते, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. गावगाड्याने मात्र आकाशाचीही वाटणी करून टाकली होती. ग्रहण केव्हा लागणार हे सांगण्याचा मान जोशाचा. आणि ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाळी देत गल्लोगल्ली जुनेपाने कापड आणि पसाभर धान्य मागत फिरणे मांग-महारांच्या वाट्याचे. का? तर सूर्यचंद्रांना धरणारे राहू-केतू म्हणे त्यांच्याच जातीचे! म्हणजे सूर्याला शिवल्याचा आळही आमच्यावर, आणि तो सुटावा म्हणून पसरायचा पदरही आमचाच.

सातारा-सांगलीकडच्या वस्त्यांतून आम्ही काहीजण मोफत आकाशदर्शन घडवतो. समाजमंदिरापुढे दुर्बीण मांडली की एखादा कार्यकर्ता हमखास विचारतो, “गुरुजी, रेशन, नोकऱ्या, अत्याचार एवढे प्रश्न पुढ्यात असताना हे तारे कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

पहिले उत्तर ग्रहणातच आहे. चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधोमध आला की सूर्यग्रहण होते. पृथ्वीची सावली चंद्रावर पडली की चंद्रग्रहण. मग दर अमावस्येला ग्रहण का होत नाही? कारण चंद्राची वाट सूर्याच्या आकाशातल्या वाटेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात, ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावस्येचा किंवा पौर्णिमेचा चंद्र या बिंदूंच्या जवळ असेल तेव्हाच ग्रहण घडते. त्या बिंदूंपाशी ना दगड आहे ना माती. मग जात कोठून असणार? बिंदूला जात चिकटवणारी बुद्धी आकाशातली नव्हे, गावातली आहे.

आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमारास ग्रहणाचे कारण सावली हेच सांगितले होते. पंचांगात ग्रहणाची वेळ मिनिटापर्यंत छापलेली असते, तीही गणिताने काढलेली. राक्षसाची भूक मिनिटांत मोजता येत नाही. म्हणजे गणित जाणत्यांच्या पोथीत राहिले आणि भीती तेवढी लोकांच्या घरात पोचवली गेली.

या भीतीचा पहिला बळी गरोदर स्त्री. जोतीराव फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यातला जोशी एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांचे भय घालून त्या कुटुंबाला लुबाडतो. ग्रहणात विळी हाती धरली तर मूल फाटक्या ओठाचे होते, असे आजही सांगितले जाते. वास्तविक गर्भाचा ओठ पहिल्या दोन महिन्यांतच सांधला जातो. तो सांधला न जाण्याचा सावलीशी काडीचाही संबंध नाही. 21 जून 2020 च्या सूर्यग्रहणात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका गरोदर भगिनीने ग्रहण चालू असताना भाजी-फळे चिरली आणि सौरचष्म्यातून ग्रहणही पाहिले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते तिच्या पाठीशी होते. ही समिती 1989 साली उभी करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. तेव्हा आकाश पाहणे ही केवळ हौस आहे, असे कोणी म्हणू नये.

दुसरे उत्तर रांगेत आहे. याच साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाळ भीमरावाचे नाव सरकारी शाळेत दाखल झाले. बसायचे गोणपाट घरून न्यायचे आणि वेगळे कोपऱ्यात बसायचे, हा त्या शाळेतला अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. दुर्बिणीला डोळा लावायची काच एकच असते. तिच्यापाशी सारी वस्ती, शेजारची आळी, बाया-पोरे, म्हातारीकोतारी एकामागून एक येतात आणि प्रत्येकाला चंद्र तोच दिसतो.

यासाठी वेधशाळा लागत नाही. जॉन डॉबसन हा अमेरिकेतल्या वेदान्त मठातून 1967 साली बाहेर पडला, आणि पुढच्याच वर्षापासून त्याच्या मंडळाने सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बिणी मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट आकाश दाखवायला सुरुवात केली. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची बैठक, हाताने घासलेला आरसा, एवढेच त्याचे भांडवल.

आपणही एवढ्यावर सुरुवात करू शकतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीचा चंद्र निवडावा. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या ठसठशीत दिसतात. पौर्णिमेला त्या दिसत नाहीत. गुरू आकाशात असेल तर साधी 10×50 ची दुर्बीण भिंतीला टेकवून धरली तरी त्याचे चंद्र दिसतात. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये पाहिले तेच हे चार चंद्र. पोरांना ते रोज वहीत काढायला लावावेत. जागा बदलताना त्यांची त्यांनाच कळते. सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी, एक्स-रेच्या फिल्ममधून किंवा काजळी धरलेल्या काचेतून कधीही पाहू देऊ नये. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडावी. त्याला खर्च काहीच नाही.

पथ्ये तीनच. पैसे घ्यायचे नाहीत. हारतुरे आणि भाषणे ठेवायची नाहीत. आणि दुर्बीण शेवटी वस्तीतल्याच मुला-मुलींच्या हाती सोपवायची, नाहीतर जुन्या जोशाच्या जागी आपणच नवे जोशी होऊन बसू.

2 ऑगस्ट 2027 चे सूर्यग्रहण आपल्या भागात खंडग्रास आहे. पावसाळ्याचे दिवस असल्यामुळे ढग आड येऊ शकतात. आले तर समाजमंदिरात दिवा आणि चेंडू घेऊन तोच खेळ मांडता येईल. त्या दिवशी आपल्या वस्तीतून दानाची हाळी उठू नये. पुठ्ठे घेऊन पोरांनी रस्त्यावर यावे आणि साऱ्या गावाला ग्रहण समजावून सांगावे.