टाका एकही नाही, तरीही जखम

डोक्याला मार लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, ‘टाके किती पडले?’ आणि दुसरा, ‘स्कॅनमध्ये काय निघाले?’ टाके नाहीत, स्कॅन नॉर्मल, असे कळले की घरची माणसे देवापुढे साखर ठेवतात आणि भेटायला आलेले पाहुणे चहा घेऊन उठतात. बहुतेक वेळा ते बरोबरच असते. पण मेंदूची एक इजा अशी आहे, की तिला टाका लागत नाही आणि सीटी स्कॅनमध्ये ती बरेचदा दिसतही नाही. डॉक्टर तिला ‘डिफ्यूज इंज्युरी’ म्हणतात. आपण विखुरलेली इजा म्हणू.

मी भाषा शिकवणारा माणूस. हा विषय माझ्यापर्यंत आला तो एका माजी विद्यार्थिनीमुळे. बी.एस्सी. झाल्यावर ती पुण्यात मेडिकल कोडिंगच्या नोकरीला लागली. ‘सर, मी अमेरिकेतल्या लोकांच्या दुखण्यांना नंबर देते,’ असे ती म्हणाली तेव्हा मला हसू आले होते. पुढे तिने जे समजावून सांगितले ते ऐकताना हसू मावळले.

वाटीतला खरवस डोळ्यांसमोर आणा. वाटीला हिसका देऊन गर्रकन फिरवली तर वाटी शाबूत राहते, पण आतला खरवस ताणला जातो. दुचाकीवरून पडताना डोके असे फिरले, की मेंदूचे थर वेगवेगळ्या गतीने सरकतात आणि पेशींना जोडणारे केसाहून बारीक तंतू ताणले जातात. काही तिथेच तुटतात, काही पुढच्या तासांत सुजून निकामी होतात. कवटी फुटलेली नसते, रक्ताची मोठी गाठ नसते. सीटी स्कॅन नेमक्या याच दोन गोष्टी चांगल्या दाखवतो, म्हणून ‘नॉर्मल’. एमआरआयच्या काही खास तपासण्यांत रक्ताचे बारीक ठिपके दिसू शकतात. सबिना स्ट्रिच या डॉक्टरबाईंनी १९५६ साली इंग्लंडमध्ये अशा रुग्णांच्या मेंदूंचा मृत्यूनंतर अभ्यास करून, इजा एका जागी नसून सर्वदूर पसरलेली आहे, हे मांडले होते.

आता क्रमांकाचे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीचे मूळ १८९३ सालच्या बर्टिलॉन यांच्या यादीत आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीत कवटीच्या आतल्या इजेला एस ०६ हा क्रमांक आहे. पुढे .० आला तर कन्कशन, .२ आला तर विखुरलेली इजा, .३ आला तर एकाच जागची. एका अंकाने अर्थ बदलतो, जसा आमच्याकडे अनुस्वाराने! अमेरिकेत २०१५ पासून वापरात असलेल्या रूपात याच्याही पुढे आणखी एक खूण लागते: माणूस किती वेळ बेशुद्ध होता? अर्धा तास, तासाच्या आत, सहा तासांच्या आत, चोवीस तासांपर्यंत, की त्याहून जास्त? प्रत्येकाला वेगळी खूण. कोडिंग करणाऱ्या मुलीने रुग्ण कधी पाहिलेला नसतो आणि तिला अंदाज करायची मुभा नसते. डॉक्टरांनी नुसते ‘डोक्याला इजा’ लिहिले, तर तिच्या हाती एस ०९.९ एवढाच मोघम क्रमांक उरतो. फार तर ती डॉक्टरांना उलट विचारू शकते.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. ही वेळ कागदावर येते कुठून? सोबत आलेल्या नातेवाइकांच्या तोंडून. आणि आमच्या सीमाभागात बोलणे मराठीत, विचारणारी सिस्टर कन्नड, केसपेपर इंग्रजीत! ‘चक्कर आली’, ‘भोवळ आली’, ‘शुद्ध हरपली’, ‘भान नव्हते’, यांत आपल्या कानाला असलेला फरक तीन भाषा ओलांडून कागदावर पोचेलच असे नाही.

ओळखीच्या एका घरातला मुलगा रात्री आठच्या सुमारास गाडीवरून पडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आला. घरचे आजही म्हणतात, ‘इंजेक्शनने गाढ झोपला होता.’ घरी आलेल्या कार्डावर एकच ओळ होती, डोक्याला इजा, स्कॅन नॉर्मल. सहा महिन्यांनी तोच मुलगा दुकानाचा हिशेब अर्धवट सोडू लागला, क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावू लागला. कोणी आळशी म्हटले, कोणी नजर लागली म्हटले. अखेर एमआरआय झाला तेव्हा कारण समजले. अपघाताच्या दाव्यात मात्र वकिलांना पहिल्या रात्रीचाच कागद हवा होता.

म्हणून वाचकहो, अशी वेळ आलीच तर ‘थोडा वेळ’ म्हणू नका, घड्याळ सांगा. कोणी पाहिले, डोळे कधी उघडले, नाव विचारल्यावर नीट उत्तर कधी दिले, अपघाताआधीचे शेवटचे काय आठवते आणि नंतरचे पहिले काय, हे वहीत टिपून ठेवा आणि डॉक्टरांना लिहून घ्यायला सांगा. घरी आणल्यावर उलट्या, वाढती गुंगी किंवा झटके आले, तर थांबू नका, पुन्हा दवाखान्यात न्या.

तो मुलगा आता सकाळी तासभर दुकानात बसतो. हिशेबाची वही दोन रकान्यांची केली आहे आणि रेडिओ बंद असतो. दुपारी त्याला झोप लागतेच, आणि घरात आता त्यावरून कोणी बोलत नाही.