नवसाची मेणबत्ती आणि दिलेला शब्द

आठ सप्टेंबरनंतरच्या रविवारी वांद्र्याला मोत माउलीची जत्रा सुरू होते. पुढला आठवडाभर बोरिवली-अंधेरीकडून येणाऱ्या गाड्यांतून आणि मुलुंड-घाटकोपरहून दादरला गाडी बदलून माणसे लोटत असतात. टेकडीच्या वाटेवर मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची तान्ही मुले, मेणाची घरे विकायला मांडलेली असतात. ज्याचा पाय बरा झाला तो पाय वाहतो, ज्याला डोक्यावर छप्पर मिळाले तो घर वाहतो. या गर्दीत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. नवस चुकवू नये, ही भावना या शहरात सर्वांना समान आहे.

या श्रद्धेची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु एक प्रश्न मात्र मनात येतो. देवाला कबूल केलेली मेणबत्ती आपण भर पावसात, रांगेत उभे राहून वाहतो. धाकट्या भावाला कबूल केलेला घरातला वाटा, मोलकरणीला कबूल केलेली पगारवाढ, भाडेकरूला कबूल केलेली जागा यांच्या बाबतीत आपण इतके काटेकोर असतो काय? देवाचे ऋण आणि माणसाचे ऋण अशी दोन निराळी खाती आपण मनात उघडलेली आहेत. पहिल्या खात्यात आपण पैसाही थकवीत नाही. दुसऱ्यात मात्र वर्षानुवर्षे बाकी राहते.

ख्रिस्ती धर्माची मूळ शिकवण या दोन खात्यांच्या विरोधात आहे. नवस करावाच असा आग्रह जुन्या करारात नाही. उलट, बोलून न फेडण्यापेक्षा मुळीच न बोललेले बरे, असे उपदेशकाच्या ग्रंथात बजावले आहे. येशूने तर शपथेचीच गरज नाकारली. माणसाचा होकार हा होकार असावा आणि नकार हा नकार, एवढे त्याला पुरेसे वाटले. त्याच्या काळी एक सोयीची वाट रूढ होती. आईबापांच्या पोषणासाठी उपयोगी पडेल असे द्रव्य मुलाने ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे जाहीर केले की आईबापांचा त्यावरचा हक्क संपे. मार्कच्या शुभवर्तमानात येशूने यावर कठोर प्रहार केला आहे. देवाचे नाव पुढे करून माणसाचे देणे बुडविणे ही त्याच्या दृष्टीने भक्ती नव्हे, देवाच्याच आज्ञेचा तो भंग होय.

हाच विवेक कॅथॉलिक चर्चने कायद्यातही उतरविला आहे. १९८३ साली लागू झालेल्या धर्मसंहितेनुसार नवस हे शक्य आणि अधिक चांगल्या गोष्टीचे, स्वेच्छेने व विचारपूर्वक देवाला दिलेले वचन असते. गंभीर आणि अन्याय्य भीतीपोटी केलेला नवस रद्दबातल ठरतो. योग्य कारण असल्यास धर्माधिकारी नवसातून मोकळीकही देऊ शकतात. मात्र त्या मोकळिकीने दुसऱ्या कोणाच्या प्राप्त हक्काला बाध येता कामा नये, अशी अट आहे. देवाला दिलेले वचन माफ होऊ शकते. त्या माफीचा भुर्दंड शेजाऱ्यावर टाकता येत नाही.

वचन आणि विश्वास यांची कसोटी महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंइतकी क्वचितच कोणाची लागली असेल. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ उघडले, ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन देऊन. पुढे सदन पुण्याला गेले. काही मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३ साली वादळ उठले. रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी संबंध तोडला, अनेक मुली काढून नेण्यात आल्या. टीकाकारांच्या मते वचन मोडले होते. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण कोणावर सक्ती केली नाही, पण स्वतःच्या खोलीचे दारही लावून घेणार नाही. दोन्ही बाजूंना न्याय देऊन पाहिले तर दिसते ते हे, की वचन एकच होते, परंतु देणारी आणि घेणारे यांनी त्याचा अर्थ निराळा धरला होता. शब्द देताना तो समोरच्याच्या कानाने ऐकून पाहावा, हा धडा तेथून घेता येतो.

विश्वासाचा धडा त्यापुढचा आहे. अमेरिकेतील सहाय्यक मंडळाने दहा वर्षांपुरते साहाय्य कबूल केले होते आणि ती मुदत १८९८ साली संपत होती. त्याआधी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. हाती पैसा नसताना रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. देव पुरवील, असा त्यांचा भरवसा होता. परंतु त्या हात जोडून बसल्या नाहीत. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, पुढे छापखानाही चालला. ईश्वरावर भार टाकणे म्हणजे आपला भार खाली ठेवणे नव्हे. उद्याच्या भयाने आज दिलेला शब्द मागे न घेण्याचे बळ म्हणजे तो विश्वास.

आपल्या उपनगरातही याची एक मूक खूण आहे. अंधेरीच्या सीप्झ वसाहतीच्या आवारात संत जॉन बाप्टिस्टचे जुने चर्च आहे. पोर्तुगीज जेझुइटांनी ते १५७९ मध्ये बांधले. १८४० च्या सुमारास साथ आली आणि गावकऱ्यांनी ते सोडले. देव राखील म्हणून ते साथीत बसून राहिले नाहीत. मरोळला नवे चर्च उभे केले आणि जुन्यातील बाप्तिस्म्याचे कुंड तेथे नेले. भिंती मागे राहिल्या, पण मूल हाती घेऊन ज्याच्यापाशी देवाला वचन द्यायचे, ते कुंड बरोबर गेले.

आज या उपनगरांत जुनी घरे पडून मनोरे उठत आहेत आणि करारपत्रांची पाने वाढत आहेत. कागद जाड होतो तो बहुधा शब्द पातळ झाल्यामुळे. पुढल्या सप्टेंबरात टेकडी चढण्यापूर्वी एखाद्याने घरच्या, दारच्या, कामावरच्या माणसांना दिलेल्या शब्दांची बाकी काढून पाहिली, तर त्याची मेणबत्ती माउलीला कमी प्रिय होणार नाही. वेदीपाशी आल्यावर भावाचे देणे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, असे येशूनेच सांगून ठेवले आहे.