विहिरीबद्दल बोलणारा धर्मगुरू

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी वसईत निवर्तले. कोकणच्या चव्हाट्यावर ऐकू येणारं ख्रिस्ती प्रवचन तेव्हापासून क्षीण झालं आहे. देवगड तालुक्यातलं आमचं कुणकेश्वर हे महादेवाचं गाव. पण दिब्रिटोंची उणीव इथंही जाणवावी, असंच त्यांचं काम होतं.

मराठीतून ख्रिस्त सांगण्याची परंपरा तशी जुनी. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६चं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, अभंग-कीर्तनांतून ख्रिस्त मांडला आणि १९१७मध्ये मिशनपासून मोकळं होऊन ‘देवाचा दरबार’ उभारला. दोन वर्षांनी ते वारले. मग बराच काळ उपदेश, सण आणि वर्गण्या यांतच सरला. तिथं फार रेंगाळायचं कारण नाही.

रेंगाळायचं ते वसईतल्या १९८८ नंतरच्या दहा वर्षांत. मुंबईची गर्दी नालासोपारा-विरारकडे सरकली होती आणि पानमळे, केळीच्या वाड्या, गोड्या पाण्याची बावखलं बिल्डरांच्या डोळ्यांत भरली होती. टँकरवाले गावातल्या विहिरी उपसून नव्या इमारतींना पाणी विकत. विहिरी मचूळ होऊ लागल्या. १९९०मध्ये नियोजनाचे अधिकार सिडको या सरकारी महामंडळाकडे गेले. गुंडगिरीची दहशत एवढी, की उघड बोलायला माणसं कचरत. अशा वेळी नंदाखालचे दिब्रिटो ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या मोर्चांत पुढे चालले. १९८३पासून ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. मासिकाची पानं त्यांनी पाणी, जमीन आणि भयमुक्त जगण्याच्या प्रश्नांना खुली केली. वेदीवर शेजारधर्म सांगायचा आणि शेजाऱ्याची विहीर आटताना गप्प बसायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. हिंदू आणि ख्रिस्ती शेतकरी एका मोर्चात आले, ही त्या दशकाची खरी कमाई.

धर्मगुरूनं या भानगडीत पडू नये, असं तेव्हा पुष्कळांचं म्हणणं होतं. जुलै २०१८च्या पावसात बावखलं बुजत गेलेली वसई दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिली. त्या शहाण्यांना आणखी कसलं उत्तर हवं?

वसईचा वेगळा धर्मप्रांत १९९८ला झाला, महानगरपालिका २००९ला. बागा तुटत गेल्या, बावखलं बुजत गेली. उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दिब्रिटोंची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला, धमक्याही आल्या. बायबलचा सुबोध मराठी अनुवाद करणाऱ्या लेखकाला मराठीच्या अंगणात असं वागवलं गेलं, हा सल अजून गेलेला नाही. जानेवारी २०२०मध्ये पाठीचं दुखणं सोसत ते व्यासपीठावर आले आणि असहिष्णुतेबद्दल स्पष्ट बोलले.

आणि इकडे? नाणारच्या रिफायनरीसाठी निवडलेल्या गावांत देवगड तालुक्यातली गिर्ये आणि रामेश्वर होती. लोक लढले, मार्च २०१९मध्ये प्रकल्प तिथून रद्द झाला. पण वसईसारखी गावोगावची वेदी त्या लढ्यामागे उभी राहिली नाही. सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत २००५पासून आहे. त्यातल्या धर्मगुरूंनी मालवणी माणसाच्या विहिरीबद्दल, कलमबागेबद्दल, मासेमारीबद्दल रविवारच्या मिस्सेत बोलावं, आणि मिस्सा संपल्यावर ग्रामसभेतही येऊन बसावं.