विश्लेषण : अपहृत विमान पाडून हजारो जीव वाचणार असतील तर? जर्मनीच्या न्यायालयाने ‘नाही’ का म्हटले?

विमानात प्रवासी आहेत, कॉकपिट दहशतवाद्यांच्या ताब्यात आहे आणि विमान गर्दीच्या ठिकाणी आदळणार हे दिसते आहे. अशा वेळी हवाई दलाने ते पाडावे का? ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर अनेक देशांना हा प्रश्न सोडवावा लागला. जर्मनीने आधी ‘हो’ म्हणणारा कायदा केला. सुमारे वर्षभरात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्यातील ही तरतूद रद्द केली.

हा कायदा कशामुळे आला?

जानेवारी २००३ मध्ये एकाने मोटर ग्लायडर पळवून फ्रँकफर्टवर घिरट्या घातल्या आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या इमारतीवर ते आदळण्याची धमकी दिली. तो अखेर सुखरूप उतरला, पण सरकारचे धाबे दणाणले. जानेवारी २००५ मध्ये हवाई सुरक्षा कायदा लागू झाला. विमानाचा वापर माणसे मारण्यासाठी होणार असेल आणि दुसरा उपायच उरला नसेल, तर ते पाडण्याची मुभा त्यात होती. याविरोधात न्यायालयात गेलेल्यांत वकील होते, तसा एक विमानाचा कॅप्टनही होता.

यात ‘मूल्यां’चा संबंध कुठे?

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ मध्ये एक साधा भेद मांडला. ज्याच्या बदल्यात दुसरे काही ठेवता येते, त्याला किंमत असते. ज्याला पर्यायच नसतो, त्याला प्रतिष्ठा असते. माणूस या दुसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणून त्याला निव्वळ साधन म्हणून वापरता येत नाही.

दहशतवाद नेमका यावरच घाव घालतो. मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्याला त्या डब्यात कोण बसले आहे, याने काहीच फरक पडत नाही. धमकी सरकारला द्यायची असते, प्रवासी म्हणजे फक्त निरोप लिहायचा कागद. मृतांचा आकडा जितका मोठा, तितका निरोप ठळक. युद्धातला सैनिक किंवा सूड घेणारा खुनीही जीव घेतो, पण त्याला समोरचा माणूस कोण याच्याशी काही देणेघेणे असते.

न्यायालय काय म्हणाले?

१५ फेब्रुवारी २००६च्या निकालाचा गाभा असा : विमान पाडणारे सरकारही निरपराध प्रवाशांना इतरांच्या बचावाचे साधन बनवते. हल्लेखोराने त्यांना वस्तू केलेच आहे, आता सरकारही तेच करणार. मानवी प्रतिष्ठा जर्मन राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात आहे. ‘प्रवासी नाही तरी मरणारच होते’ हा युक्तिवादही टिकला नाही. आयुष्य किती उरले आहे, यावर त्याचे संरक्षण ठरत नाही. शिवाय विमानात नक्की काय चालले आहे, हे जमिनीवरून खात्रीने कळत नाही. हा मुद्दा व्यवहारात बहुधा सर्वांत वजनदार आहे.

विमानात फक्त हल्लेखोरच असतील तर मात्र प्रतिष्ठेचा भंग होत नाही, कारण ती वेळ त्यांनी स्वतः ओढवून घेतलेली असते.

सर्वांना हे पटले का?

नाही. तशी वेळ आलीच तर आपण आदेश देऊ, असे संरक्षणमंत्री फ्रान्झ जोसेफ युंग २००७ मध्ये म्हणाले आणि मोठा वाद झाला. फर्डिनांड फॉन शिराख यांच्या २०१५च्या ‘टेरर’ नाटकात १६४ प्रवाशांचे विमान पाडून स्टेडियममधले ७० हजार लोक वाचवणाऱ्या वैमानिकाचा खटला आहे. निकाल प्रेक्षक मतदानाने देतात. बहुतांश प्रयोगांत वैमानिक सुटला.

भारतात काय स्थिती?

आयसी-८१४ विमानाचे अपहरण २४ डिसेंबर १९९९ रोजी झाले. आठवडाभराने मसूद अझरसह तीन दहशतवाद्यांना सोडून कंदाहारहून प्रवासी परत आणले गेले. अझरने पुढच्याच वर्षी ‘जैश-ए-मोहम्मद’ काढली. २०१९च्या पुलवामा हल्ल्याची जबाबदारी याच संघटनेने घेतली. तेव्हा माघार घ्यायला नको होती, असे आजही म्हटले जाते. पण मागणी नाकारणे वेगळे आणि आपल्याच प्रवाशांवर क्षेपणास्त्र सोडणे वेगळे. २००५ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या अपहरणविरोधी धोरणात मात्र, विमान क्षेपणास्त्रासारखे वापरले जाण्याची भीती असल्यास ते पाडण्याची तरतूद आहे.