मातीचे कबूतर आणि श्रावकाचा प्रश्न

दापोली तालुक्यातील मुरुडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. भाटीची वेळ असली की ओल्या वाळूवर शेकडो पांढरे पक्षी एका दिशेला तोंड करून बसलेले दिसतात आणि एखादे पोर धावत गेले की सारा थवा एकदम आकाशात उठतो. याच परिसरातील वाड्यांमध्ये रानडुकरे आणि वानरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणारी घरे आजही आहेत. उडता पक्षी आणि छर्ऱ्यांची बंदूक यांचे हे शेजारपण कोकणाला नवे नाही. जगभरात ज्या खेळाला आज ऑलिंपिकचे स्थान आहे, त्या शॉटगन नेमबाजीचा उगमही याच शेजारपणातून झाला.

जैन घरातील एखाद्या मुलीने ‘मला ही नेमबाजी शिकायची आहे’ असे म्हटले, तर पहिला प्रश्न आजीकडूनच येईल : अहिंसेच्या घरात बंदूक कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी खेळाचा इतिहास पाहिला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात युरोपमध्ये पेटीत कोंडलेली जिवंत कबुतरे सोडून त्यांच्यावर नेम धरीत. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अशी स्पर्धा झाली आणि तीत सुमारे तीनशे कबुतरे मारली गेली. मात्र पक्ष्याला पर्याय शोधणारे लोक त्याआधीच पुढे आले होते. प्रथम काचेचे गोळे आले. पुढे 1880 च्या सुमारास अमेरिकेतील सिनसिनाटी येथील जॉर्ज लिगोव्स्की यांनी हवेत तरंगत जाणारी मातीची चकती तयार केली. आजची चकती चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पदार्थ यांची असते. तिचा व्यास 110 मिलिमीटर आणि वजन सुमारे 105 ग्रॅम. नाव मात्र ‘मातीचे कबूतर’ असेच राहिले. एका जिवाच्या जागी एक चकती आली आणि खेळाचे कौशल्य तसूभरही कमी झाले नाही, ही गोष्ट श्रावकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

या खेळात वेग आणि अचूकता यांची सांगड घालावी लागते. ट्रॅप प्रकारात चकती नेमबाजाच्या पुढे पंधरा मीटरवरील खंदकातून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने दूर जाते. कोणत्या दिशेला जाईल हे आधी कळत नाही. स्कीट प्रकारात दोन बाजूंच्या दोन घरांतून चकत्या सुटतात आणि चकती दिसेपर्यंत बंदूक कमरेशीच धरावी लागते. काडतुसात जास्तीत जास्त 24 ग्रॅम छर्रे असतात, म्हणजे साधारण तीनशे दाणे. त्यांना तीस मीटर अंतर कापायला जवळजवळ एक दशांश सेकंद लागतो. तेवढ्यात आडवी जाणारी चकती सुमारे दोन मीटर पुढे सरकलेली असते. म्हणून नेम चकतीवर धरून चालत नाही. ती जिथे पोहोचणार तिथे धरावा लागतो आणि चाप ओढल्यावरही बंदुकीचा वळसा थांबवायचा नसतो.

नवशिक्याची चूक ठरलेली असते : तो घाई करतो. जाणते प्रशिक्षक आधी वेग मागत नाहीत. रिकाम्या बंदुकीचा दस्ता गालाशी आणि खांद्याशी दर वेळी एकाच जागी यावा, यासाठी आरशासमोर सराव करायला लावतात. दोन्ही डोळे उघडे, दृष्टी नळीवर नव्हे तर चकतीवर. हालचालीतील अनावश्यक भाग गळून गेला की वेग आपोआप येतो. पंचवीस चकत्यांच्या प्रत्येक फेरीनंतर कोणत्या जागेवरून, कोणत्या दिशेची चकती हुकली, याची नोंद ठेवतात. रोजच्या खतावणीतून कोणता माल तोट्यात जातो हे ओळखणाऱ्या व्यापाऱ्याला ही पद्धत परकी वाटणार नाही.

महाराष्ट्राचे नाव गाजले ते रायफल आणि पिस्तुलात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये विश्वविजेत्या झाल्या, तर राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले. शॉटगनमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्स येथे 200 पैकी 179 चकत्या फोडून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक रौप्य जिंकले. 1992 मध्ये बार्सिलोनाला चीनच्या झांग शान या तरुणीने पुरुषांसह झालेल्या स्कीट स्पर्धेत 225 पैकी 223 गुणांनी सुवर्णपदक पटकावले. पुढच्या ऑलिंपिकमध्ये मात्र स्कीटचे दार स्त्रियांना बंद झाले. स्वतंत्र स्पर्धा सुरू होण्यास 2000 साल उजाडावे लागले. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या मुरुडला बंद दाराचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता आजीच्या प्रश्नाकडे. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे असावधपणाला, मूळ कारण मानले आहे. नेमबाजीच्या मैदानावर पहिला धडा सावधपणाचाच असतो : आपल्या जागेवर उभे राहीपर्यंत बंदूक उघडी आणि रिकामी, नळीचे तोंड कोणाकडेही नाही. परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही. श्रावकाच्या बारा व्रतांतील अनर्थदंडविरमण व्रत विनाकारण शस्त्र दुसऱ्याच्या हाती देण्यालाही दोष मानते. त्यामुळे छंद हेतूपूर्वक, परवाना आणि नियम पाळून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच असावा. आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड होते. जमिनीवर पडलेले शिशाचे छर्रे पक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. याच कारणासाठी युरोपीय संघाने 2023 पासून पाणथळ जागी शिशाच्या छर्ऱ्यांना मनाई केली. चकतीवर झाडलेला छर्रा असा पुन्हा जिवापर्यंत पोहोचू शकतो.

म्हणून पालकांनी मुलीला ‘नाही’ म्हणण्याची घाई करू नये आणि ‘हो’ म्हणून मोकळेही होऊ नये. मैदानावर पडलेले छर्रे वेचले जातात का, जवळ तळे किंवा खाडी आहे का, हे आधी विचारावे. मग घरच्या देव्हाऱ्यासमोर तिला एक नियम घ्यायला सांगावा : हा नेम कधीही जिवावर धरला जाणार नाही. असा नियम घेतलेल्या हातांना मुरुडच्या वाळूवरचा थवा उठताना पाहूनही चापाची आठवण होणार नाही.