चार कोटी अब्ज फोटॉन, चोवीस गाठी

स्तनातली चार सेंटिमीटरची गाठ केमोने निम्मी मारली, तर ती केवढी उरेल? दोन सेंटिमीटर, असं चटकन तोंडात येतं. पण गाठ गोल धरली, तर निम्म्या पेशी मरून पूर्ण निचरा झाल्यावरही तिचा व्यास ३.२ सेंटिमीटर भरतो. घनफळ निम्मं होतं, व्यास जेमतेम पाचवा हिस्सा घटतो. व्यास ३० टक्क्यांनी कमी झाला की डॉक्टरांच्या हिशेबात ‘प्रतिसाद’ धरतात. त्या वेळी गाठीचा दोन तृतीयांश भाग नाहीसा झालेला असतो.

चार सेंटिमीटरची गाठ म्हणजे ३३ घन सेंटिमीटर. एका घन सेंटिमीटरमध्ये १० कोटी ते १०० कोटी पेशी असतात. म्हणजे सव्वातीनशे कोटी ते सव्वातीन हजार कोटी पेशींशी लढाई चालू आहे आणि तिची बातमी आपल्याला मोजपट्टीवरच्या काही मिलिमीटरवरून कळते, तीही आठवड्यांनंतर. ऑपरेशनच्या आधी देतात ती केमो चार ते सहा महिने चालते. औषध लागू पडत नसेल, तर तेवढे दिवस केस गेले, उलट्या झाल्या, अंगातलं त्राण गेलं आणि गाठ जिथल्या तिथे.

मग आकार सोडून रक्त मोजलं तर? कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरमागचं तत्त्व इथेही आहे. ऑक्सिजन वाहणारं आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या बेकमन लेसर इन्स्टिट्यूटमध्ये ब्रूस ट्रॉमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तत्त्व स्तनाच्या गाठीसाठी वापरलं. हातात धरायचं एक प्रोब त्वचेवर टेकवायचं, बस. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. प्रकाश ६५० ते १००० नॅनोमीटरचा, म्हणजे लालपासून त्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पट्ट्यातला. या पट्ट्यात रक्त आणि पाणी दोन्ही प्रकाश कमी गिळतात, म्हणून तो काही सेंटिमीटर आत जाऊन बाहेर येऊ शकतो.

पण येतो कसा! दहा मिलिवॅटचा एक साधा लेसर धरला, तरी त्यातून सेकंदाला सुमारे चार कोटी अब्ज फोटॉन सुटतात. आत शिरलेला फोटॉन साधारण दर ०.१ मिलिमीटरला कशावर तरी आपटून दिशा बदलतो. तीन सेंटिमीटरवरच्या डिटेक्टरपर्यंत पोहोचायला त्याला पंधराएक सेंटिमीटर भटकावं लागतं, वाटेत दीड हजारांच्या आसपास धडका बसतात. एवढं सगळं नॅनोसेकंदाच्याही आत उरकतं. ही भटकंती मोजण्यासाठी लेसरची तीव्रता सेकंदाला ५ कोटी ते ५० कोटी वेळा कमीजास्त करतात. परतलेली लाट किती मागे पडली आणि किती मंदावली, यावरून किती प्रकाश विखुरला आणि किती शोषला गेला, हे वेगळं काढता येतं. शोषणाच्या आकड्यातून हिमोग्लोबिन निघतं. निरोगी स्तनाच्या एका घन सेंटिमीटरमध्ये त्याचे दहा हजार लाख कोटींच्या घरात रेणू असतात, गाठीत बहुधा त्याहून जास्त.

याचं फळ २०११ साली छापून आलं. २३ स्त्रियांच्या २४ गाठी केमोच्या पहिल्या डोसनंतर दुसऱ्याच दिवशी तपासल्या होत्या. पुढे ज्या १९ गाठींनी औषधाला पूर्ण किंवा अंशतः दाद दिली, त्या गटात ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन एका दिवसातच उसळलं होतं. दाद न देणाऱ्या पाचांच्या गटात ते घटलं होतं. उपचाराच्या पहिल्या चोवीस तासांत!

मला मात्र इथे सगळ्यात मोठा आकडा २४ हाच वाटतो, कारण सगळं त्याच्यावर अडलं आहे. फोटॉन कितीही कोटी असोत, पुरावा स्त्रियांच्या संख्येत मोजला जातो. पुढे अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. ६० जणी दाखल झाल्या, विश्लेषणाला ३४ उरल्या. उपचार निम्म्यावर आल्यावरच्या प्रकाशमापनावरून गाठ पूर्ण जाईल का, हे ओळखायचं होतं. अचूक भाकिताला १ आणि नाणेफेकीला ०.५ असे गुण धरले, तर इथे ०.६० मिळाले. ज्यांच्या गाठीत मुळातच ऑक्सिजन जास्त होता, त्यांच्यात ०.८३. आशा वाटावी इतकं आहे, पण एवढ्यावर कुणाची केमो बदलावी इतकं नाही.

२०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे १,९२,००० च्या वर नवे रुग्ण नोंदले गेल्याचा अंदाज आहे, जगात सुमारे २३ लाख. रोजच्या उपचारात गाठीचा प्रतिसाद अजून हाताने, सोनोग्राफीने, मॅमोग्राफीने आणि एमआरआयनेच पाहतात. तुमच्या घरात कुणाची ऑपरेशनआधीची केमो चालू असेल, तर दोन-तीन सायकलनंतर डॉक्टरांना निःसंकोच विचारा: गाठ औषधाला दाद देते आहे का, आणि ते कशावरून ठरवलं?