तंबोऱ्यावर कोण होतं?

पुणे जिल्ह्याचं शेवटचं टोक म्हणजे इंदापूर तालुक्यातलं नरसिंहपूर. इथं नीरा भीमेला मिळते. नदीपलीकडचा काठ सोलापूर जिल्ह्याचा. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंह जयंतीला, लक्ष्मी-नृसिंहाच्या देवळात कुलदैवताला आलेल्या माणसांची दाटी होते. अशा उत्सवात कीर्तन रंगात आलं की आता चार-दोन मोबाईल हमखास वर होतात. फोन त्या मुद्रणाला आपणहून नाव देतो: तारीख, वेळ, एक आकडा. बुवा कोण, पेटी कोणाची, पखवाजावर कोण, हे फोनला कळायला मार्ग नसतो. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी घरोघरी कॅसेटवर टेप व्हायचं तेव्हा नेमकं उलटं घडे. आतल्या रेघांच्या कागदावर बॉलपेननं बुवांचं नाव असे, जमलं तर आख्यानाचं, तारीख क्वचितच. एका पिढीनं नाव ठेवलं आणि दिवस हरवला, दुसरीनं दिवस ठेवला आणि नाव हरवलं.

मराठी रसिकांना ही हरवाहरवी नवी नाही. तबकडी ऐकायची, ती थांबली की लेबल वाचायचं, वेष्टन उलटून मागचा मजकूर वाचायचा आणि मजकूर जिथं संपतो तिथून वाद सुरू करायचा, हा छंद ग्रामोफोनइतकाच जुना आहे. सारंगी कोणाची? हा ठेका कोणाचा? लिहिलंय एक राग आणि गायलाय दुसराच, असं का वाटतं? जिवंत मैफलीचं मुद्रण असेल तर प्रश्न आणखी वाढतात. कुठली मैफल, कुठल्या साली, कोणाच्या घरी?

सुरुवात एका बोललेल्या ओळीनं झाली. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. त्या काळच्या तबकड्यांत गाणं संपता संपता गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत खणखणीत सांगते. ऐकणाऱ्याला आज ती ऐट वाटते, पण त्यामागं रोकडी गरज होती. मुद्रणं जर्मनीत हॅनोवरला जायची, तबकड्या तिथं छापल्या जायच्या, लेबलं तिथं चिकटायची. तिथल्या कामगाराला ना भाषा कळे ना राग. कुठलं लेबल कुठल्या गाण्याला, हे ठरवायला गायिकेचा आवाजच साक्षीला ठेवलेला असे. भारतीय तबकडीवरची पहिली टीप अशी छापलेली नाही, उच्चारलेली आहे.

पुढं लेबल बोलू लागलं, पण तेही तोकडंच. दहा इंची तबकडीच्या मधोमध तळहाताएवढी कागदाची चकती. त्यात कंपनीचं नाव, क्रमांक, गाणाऱ्याचं नाव, राग आणि मनात आलं तर ताल. एका बाजूला सव्वातीन मिनिटं गाणं, आणि त्या गाण्याला हा एवढा कागद. नावापुढं ‘बाई’, ‘मिस’, ‘मास्टर’, ‘प्रोफेसर’ यांतलं काहीतरी लागे. कृष्णराव फुलंब्रीकर ‘मास्टर’ झाले ते कायमचे. नारायणराव व्यास ‘प्रोफेसर’ म्हणून घराघरांत गेले. गायिकांच्या नावाला गाव जोडलेलं असे: अलाहाबादची जानकीबाई, आग्र्याची जोहराबाई. गाव वगळलं तर काय होतं, याचं उदाहरण जोहराबाईचंच. १९१३ साली वारलेली आग्रेवाली जोहराबाई ख्याल-ठुमरीची थोर गायिका, आणि चाळीसच्या दशकात चित्रपटांत गाजलेली जोहराबाई अंबालेवाली. नुसतं ‘जोहराबाई’ लिहिलेली यादी हाती आली की नवखा संग्राहक हमखास ठेच खातो.

काही वेळा लेबल खरं बोलतं, आणि तरी फार मोठी गोष्ट सांगायची राहून जाते. अब्दुल करीम खाँ आणि हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या कित्येक मराठी घरांत एकाच पेटीत शेजारी शेजारी राहिल्या. दोन लेबलं, दोन आडनावं, दोन धर्मांची वाटावीत अशी नावं. हे बापलेक आहेत हे कागदावर कुठंच नाही. खाँसाहेब आणि ताराबाई माने १९२२ च्या सुमारास वेगळे झाले, मुलं आईबरोबर गेली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली, सकिनाची पुढं सरस्वतीबाई राणे. ज्यानं नाव न वाचता नुसतं कानांनी ऐकलं, त्याला किराणा घराण्याचा तो लांबवलेला, मऊ, ओला षड्ज दोन्हीकडं सापडला असेल. कागदानं लपवलं ते सुरानं सांगितलं. ही दोन लेबलं एकाशेजारी एक ठेवून पाहावीत. मराठी संगीताचा अर्धा सामाजिक इतिहास त्यांच्यामधल्या बोटभर अंतरात आहे.

लेबल गप्प बसलं की संग्राहक तबकडीच उजेडात तिरपी धरतो. खाचा संपतात आणि कागद सुरू होतो त्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात एक बारीक आकडा ठोकलेला असतो. तो मूळ मुद्रणाचा क्रमांक. लेबल बदलेल, कंपनी विकली जाईल, तीच तबकडी पुन्हा नव्या रंगाच्या कागदानिशी बाजारात येईल. हा आकडा सहसा बदलत नाही. मागचेपुढचे आकडे जुळवत गेलं की कोणी कोणाच्या आधी गायलं, एका बैठकीत किती गाणी झाली, याचा माग लागतो. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं आयुष्याची वर्षं याच कामाला दिली. ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांची त्यानं केलेली सूची १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं छापली; अब्दुल करीम खाँचं चरित्र आणि त्यांच्या तबकड्यांची सूची असाही त्याचा ग्रंथ आहे. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर तिचे चिटणीस. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या संस्थेच्या नियतकालिकात याद्या आहेत, आठवणी आहेत, दुरुस्त्या आहेत. विद्यापीठांनी करायचं काम या माणसांनी सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पैशानं केलं. त्यांचं ऋण अजून पुरतं मोजलं गेलेलं नाही.

मैफलीच्या टेपचं कोडं सोडवायची रीत निराळी. तिथं छापील आकडा नसतो; खुणा आवाजातच शोधाव्या लागतात.

पहिली खूण पेटीची. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती. त्यामुळं पन्नास-साठच्या दशकातली टेप ‘रेडिओवरची’ म्हणून कोणी दिली आणि गायकामागं पेटी स्पष्ट वाजत असली, तर ती टेप बहुधा कुठल्या तरी सभेतली किंवा दिवाणखान्यातली. दुसरी खूण तुटीची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. विलंबित ख्याल भरात आलेला आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला दोन-तीन आवर्तनं एकदम गायब झाली, तर समजावं की कोणीतरी घाईघाईनं कॅसेट उलटली. दोघांकडच्या प्रतींत तूट एकाच तानेवर असेल तर दोन्ही एकाच आईची लेकरं. भैरवीनंतर टाळ्या आणि सतरंज्या आवरल्याची गडबड ऐकू आली तर ती पहाट नव्हे, मैफलीचा शेवट; आपल्याकडं भैरवीनं मैफल संपवतात, मग रात्रीचा एक वाजलेला का असेना.

तिसरी खूण सगळ्यांत सुंदर. विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या मुद्रणात मागं अगदी बारीक गुणगुण असते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळं त्या गुणगुणीचा मूळ सूरही तेवढाच असायला हवा. आज संगणकावर ती मोजता येते. ५० ऐवजी ५२ भरली तर टेप शेकडा चार इतकी वेगानं धावते आहे, म्हणजे काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनच्या जवळ सरकलेला ऐकू येतो. आवाज पातळ, तान उगाच चपळ. ‘तरुणपणी काय धारदार गळा होता!’ म्हणून वर्षानुवर्षं वाखाणलेली टेप केवळ वेगानं धावत होती, असं निघू शकतं. १९२५ पूर्वीच्या, कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्यांना हा आधारही नाही. तिथं वीज नव्हती, वेगही सगळीकडं अठ्ठ्याहत्तर नव्हता, आणि कर्ण्यापासून हातभर लांब बसलेला तंबोरा बहुतेकदा मेणापर्यंत पोचतच नसे.

वेग नेमका कसा लिहावा, याचा धडा मात्र एका तबकडीच्या वेष्टनावर कोरलेला आहे, आणि त्या तबकडीवर एक मराठी मुलखातली गायिका आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर या अल्लादियाखाँच्या शिष्या. खाँसाहेबांनी स्वतः तबकडी दिली नाही; केसरबाईंनी दिल्या त्या मोजक्या. त्यांतली साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीसाठी निवडली गेली. रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकानं ती सुचवली होती, पण प्रत मिळेना. शेवटी सोनेरी तबकडीचं काम पाहणाऱ्या ॲन ड्रुयन यांना न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या एका दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. पहिलं यान २० ऑगस्टला उडालं, दुसरं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

त्या तबकडीचं झाकण म्हणजे जगातला सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेला वेष्टनावरचा मजकूर. कुठलीच भाषा न येणाऱ्या वाचकासाठी तो आकृत्यांनी लिहिला आहे. सुई कुठं टेकवायची ते चित्रात आहे. एक फेरा ३.६ सेकंदांचा, हे हायड्रोजनच्या अणूच्या घड्याळानं सांगितलं आहे, म्हणजे पट्टी चुकायची सोय नाही. आणि इतकं सगळं करून, आतल्या गाण्यांच्या प्रसिद्ध यादीत केसरबाईंच्या ओळीत राग असल्याचा उल्लेख आहे, चीजेचे पहिले शब्द आहेत, ‘सुरश्री’ ही पदवीही आहे. पण साथ करणारे कोण, त्याचा उल्लेख नाही. सूर्यमालेबाहेर निघालेले ते हात बिननावाचे आहेत.

साथीदारांची ही उपेक्षा जागेअभावी होते असं म्हणतात. ते पटत नाही. १९५५ मध्ये न्यूयॉर्कला अली अकबर खाँच्या सरोदची लाँग प्ले तबकडी निघाली, यहुदी मेन्युहिननी तिच्यात रागांची आणि वाद्यांची ओळख करून दिली. परक्या देशातल्या त्या पहिल्यावहिल्या प्रयत्नातही तबल्यावर चतुरलाल आणि तंबोऱ्यावर शिरीष गोर, दोघांचीही नावं आहेत. १ ऑगस्ट १९७१ च्या बांगलादेशासाठीच्या मैफलीत न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी वाद्यं जुळवली जाताना टाळ्या वाजवल्या, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्या तबकडीवर रविशंकर, अली अकबर आणि अल्लारखाँबरोबर तंबोऱ्यावरच्या कमला चक्रवर्तींचंही नाव आहे. आणि आपल्या मुंबईत १९६७ मध्ये एचएमव्हीच्या जी. एन. जोशींच्या देखरेखीखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ झाली. अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस. संतूर शिवकुमारांचं, बासरी हरिप्रसादांची, गिटार ब्रिजभूषण काब्रांचं, हे कोणीही सांगेल. तबला माणिकराव पोपटकरांचा, हे वेष्टन वाचणाराच सांगेल.

तंबोरा हा तर सबंध मैफलीची जमीन. तो धरणारा बहुतेकदा शिष्य असतो, तासन्‌तास मान खाली घालून चार तारांवर बोटं फिरवत बसलेला. पुढं त्यांतलाच कोणी मोठा गवई होतो, आणि मग त्याच्या चरित्रकाराला प्रश्न पडतो की गुरूच्या कुठल्या मैफलीत हा मागं बसला होता. उत्तर एका ओळीत मावलं असतं.

आज तर वेष्टनच उरलेलं नाही. फोनच्या पडद्यावर गाण्याचं नाव आणि एक चेहरा दिसतो. जुन्या टेपा लोक संगणकावर चढवतात ते फार चांगलं करतात, पण चढवताना कॅसेटचा कागद बाजूला पडतो, आणि त्यावर बॉलपेननं लिहिलेल्या दोन ओळी कचऱ्यात जातात. त्या दोन ओळींचा आधी फोटो काढावा. बारामती-इंदापुरात, नीराकाठच्या गावांत ज्यांच्या माळ्यावर कीर्तनाच्या, भजनाच्या, गावच्या गाण्याच्या कॅसेट पडून आहेत, त्यांच्या घरात अजून एखादी आजी, एखादे काका असतील, ज्यांना पेटीवर कोण होतं ते आवाज ऐकताच सांगता येतं. त्यांच्याजवळ बसून टेप लावावी आणि ते सांगतील तसं लिहून घ्यावं: बुवा कोण, आख्यान कुठलं, गाव, देऊळ, साल नसेल तर निदान कुठला उत्सव, पेटी, पखवाज, टाळ, आणि मागं तंबोरा असेल तर तोही कोणाच्या हातात होता. येत्या नृसिंह जयंतीला फोन वर कराल तेव्हा कीर्तन सुरू होण्याआधी अर्धं मिनिट आपल्याच आवाजात ही नावं त्यात बोलून ठेवा.